संत थॉमसच्या वाटेनं सहा दिवस

रविवार, २ मार्च २०२५ : रोम

माझी आई लॅटिन शिकलेली नव्हती. शाळा चौथीपर्यंत, बाकी आयुष्य वसईच्या भातखाचरात आणि केळीच्या वाडीत. पण आमच्या देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) साक्रामेंताच्या (ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या पवित्र भाकरीच्या) आशीर्वादाची वेळ झाली आणि 'तांतुम एर्गो' सुरू झालं की तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. १९६०च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली, मिस्सा (देवळातली मुख्य उपासना) कळू लागली, त्याचा तिला फार आनंद होता. तरी ही दोन कडवी तिनं लॅटिनमध्येच जपली. हे गीत तेराव्या शतकातल्या एका इटालियन संन्याशाचं आहे हे मला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकताना कळलं. पुढं एकतीस वर्षं मी त्याच माणसाचे विचार मुलांना शिकवले. फळ्यावर लिहायचे : संत थॉमस अक्वायनस, १२२५ ते १२७४.

यंदा त्याच्या जन्माला ८०० वर्षं होतात. म्युनिकला नोकरी करणारा पुतण्या म्हणाला, "आत्या, तू फक्त ये, गाडी मी चालवतो." ७ मार्च हा थॉमसच्या मृत्यूचा दिवस. त्या दिवशी तो जिथं गेला त्या फोस्सानोव्हाच्या मठात असायचं, एवढं एकच मी ठरवून निघाले होते.

सुरुवात अव्हेन्टाइन टेकडीवरच्या सांता साबिनापासून केली. पाचव्या शतकातलं देऊळ, आत उंच उजेडी खिडक्या, संगमरवरी खांबांच्या दोन ओळी आणि जवळजवळ रिकामा मधला भाग. दारासमोर आम्ही बराच वेळ थांबलो. सायप्रसच्या लाकडाचं ते दार देवळाइतकंच जुनं. त्यावर डावीकडे अगदी वर, छोट्याशा चौकटीत क्रुसावरचा ख्रिस्त कोरलेला आहे. हात कोपरात किंचित वाकलेले, डोळे उघडे, बाजूला दोन चोर लहान आकारात. क्रूस जवळपास दिसतच नाही, जणू तीन माणसं हात पसरून प्रार्थनेला उभी आहेत. क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या सगळ्यांत जुन्या चित्रणांत याची गणना होते.

हे देऊळ आणि शेजारचा मठ तेराव्या शतकाच्या सुरुवातीपासून डोमिनिकन संघाकडे, म्हणजे थॉमसच्या संन्यासी संघाकडे, आहे. १२६५ ते १२६८ थॉमस इथं तरुण संन्याशांना शिकवत होता. हाताशी असलेली पुस्तकं नवशिक्यांच्या कामाची नाहीत, अनावश्यक प्रश्नांनी आणि त्याच त्या गोष्टींनी मुलं कंटाळतात, गोंधळतात, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून त्यानं नवं पुस्तक लिहायला घेतलं. 'सुम्मा थिओलॉजिए' हा त्याचा महाग्रंथ, ५१२ प्रश्नांचा, असा वर्गातल्या अडचणीतून सुरू झाला. प्रस्तावनेत तो सरळ सांगतो की हे नवशिक्यांसाठी आहे, आणि संत पौलाचं वचन देतो : बाळांना दूध पाजावं, जड अन्न नव्हे. शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला या प्रस्तावनेचं फार मोल आहे.

राखेच्या बुधवारी, म्हणजे उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, पोप या देवळात मिस्सा करतात, अशी प्रथा आहे. त्या दिवसांत पोप फ्रान्सिस रुग्णालयात होते. बाकांवर बसलेल्या कित्येकांच्या ओठांवर त्यांच्यासाठीच प्रार्थना होती. आम्हीही एक जपमाळ म्हटली.

सोमवार, ३ मार्च : ऑर्व्हिएतो

रोमहून उत्तरेला दीड-दोन तास. मैदानातून एकदम वर आलेला तांबूस खडकाचा ताशीव कडा आणि त्याच्या माथ्यावर अख्खं गाव. आपल्याकडच्या एखाद्या गडासारखंच, फक्त वर वस्ती अजून नांदती.

१२६१ ते १२६५ या काळात थॉमस इथल्या डोमिनिकन मठात होता. पोप चौथे अर्बन यांचा दरबारही तेव्हा इथंच होता. त्यांनी १२६४ मध्ये ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या ख्रिस्तसभेसाठी जाहीर केला आणि त्या सणाची उपासना व गीतं रचण्याचं काम थॉमसकडे दिलं. 'पांजे लिंग्वा' हे त्यातलं एक गीत. त्याची शेवटची दोन कडवी म्हणजे आईचं 'तांतुम एर्गो'.

भव्य कॅथेड्रलची पायाभरणी १२९० ची, म्हणजे थॉमसनं ते पाहिलेलं नाही. दर्शनी भिंतीवरचा सोनेरी मोझेक दुपारच्या उन्हात असा झळकतो की मान वर करून पाहताना डोळ्यांत पाणी येतं. पण माझं मन त्या दोन कडव्यांतच होतं. त्यातली एक ओळ अशी : 'प्रेस्तेत फिदेस सुप्लेमेंतुम सेन्सुउम देफेक्तुई.' इंद्रियं जिथं कमी पडतात तिथली उणीव श्रद्धेनं भरून काढावी.

शेवटची सहा वर्षं आईला दिसत नव्हतं. काचबिंदूनं आधी एक डोळा गेला, मग दुसरा. मी तिला हात धरून देवळात न्यायचे. पवित्र साक्रामेंत वेदीवर कधी ठेवलं, फादरांनी ते कधी उचललं, हे तिला घंटेवरून समजायचं. घंटा झाली की ती डोकं खाली करायची आणि ही ओळ म्हणायची, अर्थ ठाऊक नसताना. मी मात्र अर्थ ठाऊक असून तिच्या बाजूला गप्प उभी राहायचे, कारण मला सूर नाही. कॅथेड्रलमधल्या बाकावर बसून आज ती ओळ मी हलकेच म्हटली. पुतण्यानं पाहिलं, काही बोलला नाही, माझी पिशवी तेवढी उचलून आपल्या मांडीवर घेतली.

मंगळवार, ४ मार्च : रोक्कासेक्का

दक्षिणेला परत, रोम आणि नेपल्सच्या साधारण मध्यावर. अक्विनो हे मैदानातलं गाव, घराण्याला नाव देणारं. थॉमस जन्मला तो मात्र डोंगरावरच्या रोक्कासेक्काच्या किल्ल्यात. आता तिथं पडक्या भिंती, एक बुरूज आणि त्याच्या नावाचं छोटं देऊळ एवढंच उरलंय. खाली मेल्फा नदीची घळ. वारा इतका की ओढणी सांभाळता येईना.

बाप लांदोल्फो, आई थिओडोरा, सरदार घराणं, मुलं पुष्कळ. थॉमस मुलांत धाकटा, म्हणून घराण्यानं त्याला मोंते कासिनोच्या मठासाठी ठेवला होता. पुढंमागं तो मठाधिपती होईल, जमीनजुमला आणि मान दोन्ही घरात राहतील, असा हिशोब. मुलानं काय केलं? नेपल्सला शिकत असताना १२४४ च्या सुमारास डोमिनिकन संघात शिरला. हा संघ तेव्हा जेमतेम तीस वर्षांचा, भिक्षा मागून जगणाऱ्या पायी फिरत्या प्रचारकांचा. गादी सोडून झोळी घेण्यासारखंच ते. आईनं मोठ्या भावांना निरोप धाडला. त्यांनी त्याला पॅरिसच्या वाटेवर गाठलं, धरून आणलं आणि सुमारे वर्षभर कोंडून ठेवलं, त्यातला काही काळ याच किल्ल्यात. झगा उतरवायचा प्रयत्न झाला, त्यानं तो सोडला नाही. भावांनी खोलीत एक बाई पाठवली आणि थॉमसनं चुलीतलं जळतं लाकूड उचलून तिला बाहेर घालवलं, अशी कथा चरित्रकार सांगतात.

या कथेत मला नेहमी थिओडोरा दिसते. तिला दुष्ट ठरवणं सोपं आहे. पण हाताशी आलेला हुशार मुलगा भीक मागत परदेशी निघालाय म्हटल्यावर कुठल्या आईचा जीव थाऱ्यावर राहील? अखेर त्याला जाऊ दिलं. तो पॅरिसला गेला, मग कलोनला, आल्बर्ट या थोर गुरूकडे. अंगानं आडवा आणि अबोल, म्हणून सोबतची मुलं त्याला 'मुका बैल' म्हणायची. या बैलाचं हंबरणं एक दिवस जगभर ऐकू जाईल, असं आल्बर्टनं त्यांना सुनावलं. माझ्या वर्गातल्या अबोल मुलांना मी ही गोष्ट हमखास सांगायचे.

बुधवार, ५ मार्च : मोंते कासिनो

राखेचा बुधवार. सकाळी गावातल्या देवळात कपाळावर राख घेतली आणि नागमोडी रस्त्यानं वर मठात गेलो.

संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात स्थापलेला हा मठ. पाच वर्षांच्या थॉमसला आईबापांनी इथं आणून सोडलं. इथंच तो शिकवणाऱ्यांना विचारत राहायचा, देव म्हणजे काय, असं परंपरा सांगते. पण तो वावरला त्या भिंती आज नाहीत. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या बाँबफेकी विमानांनी मठ जमीनदोस्त केला. आज दिसतो तो पुन्हा बांधलेला, पांढरा, स्वच्छ, चौकाचौकांतून कबुतरं फिरणारा. त्यात एक दिलासा. मठाची हस्तलिखितं आधीच्या शरद ऋतूत रोमला हलवली होती, म्हणून ती वाचली. त्यांत सहाव्या शतकातल्या थोर पोप ग्रेगरीच्या ग्रंथाची एक प्रत आहे आणि तिच्या समासात थॉमसचं पत्र उतरवलेलं आहे. देवाला सगळं आधीच ठाऊक असेल तर माणूस मोकळा कसा, असा ग्रेगरीच्या एका वाक्यावरून इथल्या संन्याशांना प्रश्न पडला होता. थॉमस १२७४ च्या सुरुवातीला शेवटच्या प्रवासात जवळून जात होता, आजारी होता. मठाधिपतीनं वर बोलावलं, त्याला चढवेना, म्हणून त्यानं उत्तर लिहून पाठवलं. एखादा माणूस बसलेला मला दिसतो, म्हणून माझ्या पाहण्यानं तो बसत नाही. तसंच देवाचं जाणणं. बालपणीच्या शाळेला पाठवलेलं हे उत्तर त्याच्या अगदी अखेरच्या लेखनांपैकी आहे.

खाली गावाच्या कडेला राष्ट्रकुलाच्या सैनिकांची दफनभूमी आहे. मध्यभागी ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा ४,००० हून अधिक जणांची नावं दगडात कोरली आहेत. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचं नाव पुतण्याला आधी दिसलं. मग आम्हाला हवं होतं ते सापडलं : नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. माणगाव तालुक्यातला बावीस वर्षांचा मुलगा, १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेला आणि तिथंच पडला. पुतण्यानं कोरीव अक्षरांवरून बोट फिरवलं. कपाळावरची राख तशीच होती. 'तू माती आहेस आणि मातीला मिळशील' हे सकाळी ऐकलेले शब्द या ठिकाणी फार जवळून ऐकू आले.

गुरुवार, ६ मार्च : नेपल्स

सान दोमेनिको माज्जोरे चौकाकडे पाठ करून उभं आहे. जिन्यानं चढून वेदीच्या मागच्या अंगानं आत शिरावं लागतं. थॉमसनं संघाचा झगा घेतला तो याच मठात, आणि १२७२ मध्ये पॅरिसहून परतल्यावर शिकवलंही इथंच. आंजूच्या राजा चार्ल्सनं त्यासाठी महिन्याला एक औंस सोनं नेमून दिलं होतं. जवळच्या कप्प्यात सोन्याच्या पार्श्वभूमीवर रंगवलेला क्रूस आहे. प्रार्थनेत असताना क्रुसावरून शब्द आले अशी आख्यायिका आहे : "थॉमस, तू माझ्याविषयी छान लिहिलंस, काय बक्षीस हवं?" उत्तर : "तूच, प्रभू, दुसरं काही नको."

मठातली त्याची खोली लहान आहे. दाराशी उभं राहून मी पुतण्याला 'सुम्मा'ची रीत समजावली, कारण तो इंजिनिअर आहे आणि त्याला यंत्र कसं चालतं ते कळायला हवं असतं. आपल्या शास्त्रकारांचा पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष घे. थॉमसचंही तसंच. 'देव आहे का?' या प्रश्नाची पहिलीच ओळ आहे, 'देव नाही असं दिसतं.' मग तो नास्तिकाच्या बाजूनं दोन कारणं देतो. देव अनंत चांगला असता तर जगात वाईट उरलंच नसतं. आणि जगातलं सगळं निसर्गानं आणि माणसाच्या बुद्धीनं समजावता येतं, मग देव हवा कशाला? आठशे वर्षांत नास्तिकांना यापेक्षा भक्कम कारणं फारशी मिळालेली नाहीत, आणि ती एका संतानं मांडून ठेवली आहेत. त्यानंतर विरोधातलं एक वचन, मग स्वतःचं उत्तर, शेवटी प्रत्येक आक्षेपाला वेगळा जबाब. अशी २,६६९ प्रकरणं. ॲरिस्टॉटल ग्रीक, इब्न सिना आणि इब्न रुश्द मुसलमान, मायमोनिडीस यहुदी, सगळ्यांना तो मानानं बोलावतो. ज्यांचं पटत नाही त्यांचंही आधी नीट ऐकून घेतो.

"सगळ्यांचं ऐकून घ्यायचा?" पुतण्यानं विचारलं.

नाही. आणि हे मला इथं लिहिलंच पाहिजे. पाखंडी माणूस वारंवार समजावूनही बधला नाही तर त्याला देहदंडासाठी राजसत्तेच्या हवाली करावं, असं याच ग्रंथात आहे. हा भाग शिकवताना माझा आवाज दरवेळी खाली जायचा. याच मठात सोळाव्या शतकात जोर्दानो ब्रूनो नावाचा तरुण दाखल झाला, ज्याला १६०० मध्ये रोममध्ये जाळलं. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, १५६० पासून १८१२ पर्यंत चाललं. या सगळ्याचा भार एका थॉमसवर टाकता येत नाही. पण त्याच्या नावाचा आधार घेतला गेला, आणि इतरांचे आक्षेप इतक्या न्यायानं मांडणारा माणूस तिथं आक्षेप घेणाऱ्याचा जीव वाचवू शकला नाही, याचं मला आजही दुःख होतं.

याच मठातल्या संत निकोलसच्या वेदीवर ६ डिसेंबर १२७३ रोजी त्यानं मिस्सा केली आणि त्यानंतर लिहिणं थांबवलं. 'सुम्मा'चा तिसरा भाग प्रायश्चित्ताच्या साक्रामेंतात अर्ध्यावर आला होता. रेजिनाल्ड हा त्याचा लेखनिक, सोबती, मित्र. थॉमसचं अक्षर लागायचं नाही, म्हणून तो बहुतेक तोंडी सांगायचा आणि रेजिनाल्डसारखे उतरवून घ्यायचे. त्यानं पुन्हा पुन्हा विनवलं. थॉमस म्हणाला, "रेजिनाल्ड, मला जमत नाही. मी जे पाहिलं त्यापुढं माझं सगळं लिहिलेलं पेंढ्यासारखं वाटतं."

लोक हे वाक्य 'कचरा' असं वाचतात. मी भातशेतीवाल्याची मुलगी आहे, मला तसं वाचता येत नाही. खळ्यात भारे झोडून झाले की हातात उरतो तो पेंढा. तो कुणी टाकत नाही. म्हशीला घालतात, घर शाकारतात, आजारी माणसाखाली अंथरतात. पेंढा उरला याचा अर्थच हा की दाणा निघाला. वडील झोडणी संपवून शेवटचा भारा बाजूला ठेवायचे आणि काही न बोलता खळ्याच्या कडेला बसून राहायचे, दमलेले आणि शांत. थॉमस त्या डिसेंबरात असाच बसला असेल, असं मला त्या लहानशा खोलीच्या दारात उभं असताना वाटलं.

शुक्रवार, ७ मार्च : फोस्सानोव्हा

पहाटे निघालो. थॉमसही नेपल्सहूनच निघाला होता, पोप दहाव्या ग्रेगरींनी फ्रान्समधल्या ल्योंच्या परिषदेला बोलावलं म्हणून. तेआनोच्या आसपास वाटेवर आडव्या आलेल्या फांदीवर त्याचं डोकं आपटलं. पुढं माएंझाच्या किल्ल्यात भाचीकडे तो थांबला, तिथं प्रकृती ढासळली. अन्न जाईना. काय खावंसं वाटतं, असं विचारल्यावर त्यानं ताजे हेरिंग मासे मागितले, फ्रान्समध्ये खाल्लेले. या भागात ते मिळायचे नाहीत, पण मासेवाल्याच्या टोपलीत ते निघाले, असं साक्षीदारांनी पुढं संतपदाच्या चौकशीत सांगितलं. आजाऱ्याला माशाची आठवण येते, हे वसईच्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. आईनंही शेवटी बोंबिलाचं कालवण मागितलं होतं.

मरायचं तर मठात, म्हणून त्यानं स्वतःला फोस्सानोव्हाला नेववलं. सिस्टर्शियन संन्याशांचा हा मठ, देवळाचं समर्पण १२०८ चं. आत चित्र नाही, सोनं नाही. फिकट दगड, टोकदार कमानी, वरच्या खिडक्यांतून येणारा पांढरा उजेड. आत येताना थॉमसनं स्तोत्रातली ओळ म्हटली : 'हे माझं कायमचं विश्रांतिस्थान.' संन्यासी त्याच्यासाठी रानातून लाकडं वाहून आणत. आपल्यासाठी देवाच्या सेवकांनी ओझी वाहावीत, याचा त्याला संकोच वाटत होता.

देवळाबाहेर, जुन्या अतिथिगृहात, जिन्यानं वर ती खोली. आता तिथं वेदी आहे आणि त्याच्या अखेरच्या क्षणाचं संगमरवरी शिल्प. गावकऱ्यांची गर्दी होती, म्हाताऱ्या बायका, शाळेची पोरं, हातात फुलं. रेजिनाल्डनं त्याचा शेवटचा पापनिवेदन विधी ऐकला आणि नंतर सांगितलं, ते पाच वर्षांच्या मुलाचं पापनिवेदन होतं. मला मोंते कासिनोत सोडलेला पाच वर्षांचा मुलगा आठवला. ७ मार्च १२७४ च्या पहाटे तो गेला, पन्नाशीही न गाठता.

पुढचा इतिहास इथं मोजकाच सांगते. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपनं निषिद्ध ठरवलेल्या मतांत त्याच्या शिकवणीशी जुळणारी काही मतं होती. १३२३ मध्ये तो संत झाला, १५६७ मध्ये ख्रिस्तसभेचा आचार्य. अवशेष १३६९ मध्ये फ्रान्सला तुलूझमध्ये नेले, ते आजही तिथं जाकोबँ देवळात आहेत. फोस्सानोव्हात उरली ती खोली आणि पहिल्या दफनाची जागा.

खोलीत गर्दी ओसरल्यावर मी भिंतीशी उभी राहून आईची दोन्ही कडवी म्हटली. सूर लागला नाही. दुसऱ्या कडव्याला शेजारच्या एका म्हातारीनं आवाज मिसळला, तिच्या उच्चारात, थोडा पुढं-मागं, आणि आमेनपर्यंत सोबत राहिली. मग तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. तिची भाषा मला येत नव्हती.

बाहेर आल्यावर पुतण्यानं विचारलं, "आत्या, त्या रेजिनाल्डचं पुढं काय झालं?"

तो इथलाच, समोरच्या डोंगरावर दिसणाऱ्या प्रिव्हेर्नोचा. थॉमस त्याच्या गावाच्या पायथ्याशी येऊन गेला. रेजिनाल्ड नेपल्सला परतला. 'सुम्मा'चा अर्धवट राहिलेला भाग थॉमसच्या जुन्या लेखनातून उतारे घेऊन पुरा करण्यात आला, आणि ते काम त्याचंच असावं असं मानलं जातं. काडी काडी वेचून त्यानं सगळं नीट रचून ठेवलं.

"म्हणजे पेंढा त्यानं भरून ठेवला," पुतण्या म्हणाला, आणि गाडीचं दार माझ्यासाठी उघडून उभा राहिला. मी अजून प्रिव्हेर्नोच्या डोंगराकडे पाहत होते.